म्हैस चोरीला जाण्याआधी आणि गेल्यावर

कागल, गडहिंग्लज, चंदगडकडं रात्री दावं कापून टेम्पोत घातलेलं जनावर उजाडायच्या आत कर्नाटकात पोचतं. दुभती म्हैस गेली की घरचा दूधपगारच थांबतो. म्हणून सकाळची वाट बघू नका, लगेच 112 लावा. ‘हद्द आमची नाही’ म्हणून ठाण्यात कुणी टोलवलं तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या फिर्यादीचा, आग्रह धरा. प्रत फुकट मिळते.

कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर वहीत हवाच, पण बिल्ला कापता येतो. नाकाडावरच्या रेघा मात्र बोटांच्या ठशासारख्या, प्रत्येक जनावराच्या वेगळ्या. नाकाड फडक्यानं पुसून दिवसाउजेडी जवळून फोटो काढा. ओल्या नाकाडावर चमक येते, रेघा हरवतात. शिंगं, कास, पांढरे डागही टिपा. विम्यात चोरी धरलीय का, आधीच वाचा, बऱ्याचदा नसते.