मुक्त सॉफ्टवेअरसाठी डॉलर कसे मागावेत, कसे घ्यावेत

कृतीदेव, श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी मुक्त लायब्ररी, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येईल, बदलता येईल असा तयार कोड, मी लातुरातून सांभाळते. नांदेड-परभणीकडची इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, "ताई, अशा कामाला पैसे मागायचे कसे?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी वहीत दोन रकाने आखा. एकात रुपयांतला खर्च: इंटरनेट, इन्व्हर्टर आणि तुमचे तास. तास लिहायला लाजू नका, सगळ्यात मोठा खर्च तोच आहे. दुसऱ्यात डॉलरमधला खर्च: सर्व्हर, डोमेन. रुपया घसरला की आलेल्या डॉलरचे जास्त रुपये होतात खरे, पण दुसरा रकानाही तेवढाच फुगतो. म्हणून डॉलरचा खर्च डॉलरच्याच कमाईतून भागवायचा.

आता किंमत डॉलरमध्येच का सांगायची? आमच्या आडत बाजारातला सोयाबीनचा व्यापारीसुद्धा अमेरिकेतल्या शिकागोच्या वायदेबाजारात डॉलरमध्ये निघणाऱ्या भावावर लक्ष ठेवतो. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत देशोदेशीची चलनं डॉलरला बांधली गेली आणि डॉलर सोन्याला, औंसाला ३५ डॉलर या दराने. १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी सोन्याची गाठ सोडली, तरी आजही मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलनाच्या साठ्यात निम्म्याहून जास्त वाटा डॉलरचाच आहे. भाव डॉलरमध्ये बोलले जातात म्हणून साठा डॉलरचा, आणि साठा डॉलरचा म्हणून भावही त्यातच. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूहून मुक्त सॉफ्टवेअरला पैसे देणारा फ्लॉस/फंड सुरू केला, तोसुद्धा वर्षाला १० लाख डॉलर असाच जाहीर झाला.

हा फंड एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर देतो. अर्जासाठी फंडिंग.जेसन (funding.json) ही प्रकल्पाला किती आणि कसा पैसा हवा ते सांगणारी फाइल लागते. तिच्यात प्रत्येक योजनेची, म्हणजे पैसे देण्याच्या पर्यायाची, रक्कम, चलन, महिन्याला की वर्षाला, हे लिहायचं. मागच्या वर्षांचा जमाखर्चही दाखवता येतो. अर्ज करणार नसाल तरी ही फाइल भराच. परदेशी कंपन्यांसाठी डॉलरची योजना ठेवा आणि इथल्या छापखान्यांसाठी, प्रकाशकांसाठी रुपयांची वेगळी. नवीन काम करायचं असेल तर ॲमस्टरडॅमची एनएलनेट ही संस्था युरोमध्ये अनुदान देते, पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर.

देखभालीला मात्र दरमहाचा पैसाच हवा, मग तो गिटहब स्पॉन्सर्समधून येवो वा ओपन कलेक्टिव्हमधून; दोन्हीकडे लोक प्रकल्पाला ऑनलाइन पैसे देऊ शकतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड (XZ) या फाइली दाबून लहान करणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त साधनात चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट ठेवणारा कोड, सापडला. ते साधन थकलेला एकच माणूस फुकट सांभाळत होता, आणि मदतनीस म्हणून आलेल्याने त्याचाच फायदा घेतला. ज्यांच्याकडे पैसे मागाल त्यांना हे सांगा.

कागदपत्रांत घाई नको. परदेशी देणगी घेण्यासाठी संस्था काढली तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. एकट्याला ते पेलत नाही. त्यापेक्षा देखभालीचा लेखी करार करा, बिल द्या आणि सेवेचं उत्पन्न म्हणून पैसे घ्या. बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, विचारेल. सॉफ्टवेअर सल्लासेवेसाठी पी०८०२ आहे, तुमच्या कामाला तोच लागतो का ते सीएला विचारून घ्या. प्रत्येक रकमेची एफआयआरए, म्हणजे परदेशातून पैसे आल्याची बँकेची पावती, मागून जपून ठेवा, करविवरणाच्या वेळी तीच उपयोगी पडते. बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे ती तुमचे डॉलर ज्या दराने घेते तो, त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून बघा. थेट बँकेत वायरने (परदेशी बँकेतून तुमच्या खात्यात) पैसे येणार असतील तर दर वेळी ठरावीक शुल्क कापलं जातं, म्हणून तिमाहीचं एकच बिल परवडतं.

बँकेत ईईएफसी खातं, म्हणजे परकीय चलनातली कमाई ठेवायचं खातं, उघडलंत तर डॉलर डॉलरमध्येच राहतात आणि सर्व्हरचं बिल त्यातूनच भरता येतं. उरलेले डॉलर पुढच्या महिनाअखेरपर्यंत रुपयांत बदलावेच लागतात, तेव्हा दर चढेल म्हणून धरून बसायचा विचार नको. सहा महिन्यांच्या सर्व्हरखर्चाइतकी रक्कम मात्र रुपयांत बाजूला काढा, आणि निम्म्याहून जास्त पैसा एकाच कंपनीकडून येत असेल तर दुसरी शोधायला तेव्हाच लागा.