संरक्षण खर्चाला कात्री लावताना

आधी धोक्यांचा क्रम लावा, मग पैशांचा. उलट केलं की सगळ्या दलांना सरसकट कपात मिळते आणि सगळीच अर्धवट राहतात.

पगार-पेन्शन, देखभाल-सराव, खरेदी, संशोधन असे गठ्ठे पाडा. हात पहिल्यांदा देखभालीवर जातो, कारण तिथली कपात लगेच दिसत नाही. सुटे भाग संपले की विमानं हँगरमध्येच उभी राहतात. खरेदीत इंधन-दुरुस्तीसह आयुष्यभराचा खर्च मोजा. नग घटवले तर प्रति नग किंमत चढते. पाच प्रकल्प खुरटवण्यापेक्षा एक रद्द करा, पण कराराचा दंड आधी तपासून.

अमेरिकेच्या नन-मॅककर्डी कायद्यात प्रति नग खर्च चालू अंदाजापेक्षा २५ टक्के वाढला, की संरक्षणमंत्र्यांनी गरज प्रमाणित केल्याशिवाय प्रकल्प रद्दच धरतात. अशी मर्यादा सहीआधीच लिहा; नंतर कुणी लिहू देत नाही.