सांगलीत आइस रिंक: आधी छत आणि हवा, मग कॉम्प्रेसर

सांगली, कुपवाड, तासगाव भागात बेदाण्याची इतकी कोल्ड स्टोरेज आहेत, की अमोनियाच्या प्लँटवर हात बसलेला ऑपरेटर किंवा पफ (उष्णता अडवणाऱ्या फोमचं) पॅनेल जोडणारा फिटर मिळायला अडचण पडत नाही. त्यामुळे इथे लोकांसाठी आइस रिंक, म्हणजे स्केटिंगसाठी बर्फाचं मैदान, उभारायची तर बर्फ कसा करायचा हा प्रश्नच नाही. परवडेल एवढ्या विजेत तो बारा महिने टिकवायचा कसा, हा आहे. डेहराडूनची रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली गेली आणि नंतर वर्षानुवर्षं बंद होती. आराखडा काढताना हे ध्यानात असू द्या.

पूर्ण मापाची हॉकी रिंक ६० बाय ३० मीटरची असते. पहिली रिंक ३० बाय १५ चीच करा. खालचा हिशेब याच ४५० चौरस मीटरचा आहे.

टनेज, म्हणजे थंड करणाऱ्या यंत्रांची क्षमता, ठरवण्याआधी छताकडे बघा. बर्फ उणे ४ अंशांवर आणि छताची आतली बाजू ३० अंशांवर असेल, तर साध्या रंगवलेल्या छताच्या नुसत्या प्रारणानं दर चौरस मीटरवर सुमारे १५५ वॅट उष्णता उतरते. सगळ्या रिंकला ७० किलोवॅट, म्हणजे २० टन रेफ्रिजरेशन! तेच छत खालून अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पडद्यानं झाकलं (उत्सर्जकता, म्हणजे उष्णता प्रारणानं बाहेर टाकण्याचं प्रमाण, ०.०५), तर हिशेब ९ वॅटवर येतो. भिंती आणि फॉइलवर बसणारी धूळ यामुळे प्रत्यक्षात फायदा थोडा कमी मिळतो, तरी आमच्या मते पैसे घालायची पहिली जागा हीच. पत्र्याखाली १०० मिमी पफ, त्याखाली फॉइल, चकचकीत बाजू बर्फाकडे. शोभेसाठी तिला रंग देऊ नका, उत्सर्जकता लगेच ०.९ च्या घरात जाते. फॉइलचं छत फारसं थंडही पडत नाही, म्हणून त्यावर दव धरत नाही. साध्या छतावरून थेंब गळून बर्फावर फोड उठतात आणि स्केटचं पातं तिथे अडखळतं.

मे महिन्याची धास्ती सगळ्यांनाच असते, पण तेव्हा हवा कोरडी असते आणि पाण्यावरचा कंडेन्सर चांगला चालतो. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टात. २७ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची १००० घनमीटर हवा तासाला आत आली, तर हॉलचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊ लागतं) ३ अंशांवर राखायला तिच्यातून तासाला सुमारे १५ लिटर पाणी काढावं लागतं. ते काढलं नाही तर बर्फावर धुकं साचतं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून प्रवेशाला दोन दारं आणि मध्ये बंद खोली ठेवा, एक लागल्याशिवाय दुसरं उघडता कामा नये. ताजी हवा कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवर सोडा. ती कॉइलनं १० अंशांपर्यंत गार करा आणि मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या फिरत्या चाकातून (रोटर) न्या. नुसत्या कॉइलवर भागवायला गेलात तर कॉइलवरच बर्फ धरतो.

जागा निवडताना २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा बघा, कृष्णाकाठची सखल जमीन नको. काळी माती उकरून काढा आणि मुरूम थराथरानं रोलरखाली दाबा. ओली माती गोठली की स्लॅब उचलते. त्यावर वाळूत ऊब देणारे पाइप (माती ४ अंशांखाली जाऊ नये), मग वाफ अडवणारं पॉलिथिन, मग ५० मिमी एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) दोन थर, सांधे एकावर एक न येतील असे. त्यावर पॉलिथिनचा घसरता थर आणि १५० मिमी काँक्रीट. काँक्रीटमध्ये २५ मिमीचे एचडीपीई (प्लास्टिकचे) पाइप १०० मिमी अंतरानं, एकूण साडेचार किलोमीटर. पाइपांत हवेचा दाब भरून गेज लावा आणि काँक्रीट पडत असताना एक माणूस गेजपाशीच उभा करा. फावड्यानं पाइप चिरला तर तेव्हाच कळतं, नंतर स्लॅब फोडावा लागतो. ६८ घनमीटर काँक्रीट एका दमात, म्हणजे सहा घनमीटरचे १२ मिक्सर.

अमोनिया प्लँटरूमच्या बाहेर येऊ देऊ नका, काँक्रीटमधल्या पाइपांतून कॅल्शियम क्लोराइडचं ब्राइन (शून्याखालीही न गोठणारं खारं पाणी) फिरवा. अमोनियाऐवजी कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रणा युरोपात चालते, पण त्याचा क्रांतिक बिंदू ३१ अंश आहे, त्यावर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. आपल्या उन्हाळी दुपारी ती महाग पडते. छत आणि हवा सांभाळली तर बर्फाचा भार २० टनांच्या आसपास बसतो. एक मोठा घेण्यापेक्षा १५ टनांचे दोन कॉम्प्रेसर घ्या. ब्राइनच्या पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) हवाच: पंपाची वीज उष्णता होऊन ब्राइनमध्येच जाते आणि ती काढायला पुन्हा वीज लागते. नियंत्रण बर्फाच्या पृष्ठभागाच्या तापमानावर ठेवा: साध्या स्केटिंगला उणे ३, हॉकीला उणे ५. ब्राइन एक अंश कमी गार ठेवलं तरी कॉम्प्रेसरची सुमारे ३ टक्के वीज वाचते. कॉम्प्रेसरची वाया जाणारी उष्णता वाळूतल्या ऊब देणाऱ्या पाइपांना, आंघोळीच्या पाण्याला आणि रोटरच्या हवेला द्या.

बर्फासाठी आरओचं पाणी घ्या, बोअरच्या क्षारांनी बर्फ मऊ आणि धुरकट होतो. पातळ फवारे मारत ३० मिमीपर्यंत चढवा. पुढचा प्रत्येक १० मिमी ब्राइन आणखी अर्ध्या-पाऊण अंशानं गार करायला लावतो. पृष्ठभाग नवा करायला एका वेळी १०० लिटर पाणी ६० अंशांचं घातलं, तर साडेसोळा युनिट उष्णता काढावी लागते. १५ अंशांचं घातलं तर सव्वाअकरा. गरम पाणी बर्फाला नीट चिकटतं, म्हणून ते स्पर्धेआधीच वापरा. जाडी दर आठवड्याला ड्रिलनं मोजा, विशेषतः कठड्यालगत. तिथे बर्फ हळूहळू चढत जातो आणि तो हातानं तासावा लागतो.