प्रोग्राम बंद होतानाची आवराआवर

पहिल्या नोकरीत माझ्या वाट्याला संदेश पुढे पाठवणारी एक छोटी सर्व्हिस आली, सी++ मध्ये लिहिलेली. दिवसभर ती निमूट चालायची. नवी आवृत्ती चढवली की मात्र शेवटचे काही संदेश गायब, आणि लॉगमध्ये एकही एरर नाही. बरेच दिवस मी नेटवर्कच्या नावाने खडे फोडले. शेवटी कळलं, की लायब्ररी संदेश लगेच पाठवतच नव्हती; बफरमध्ये साठवून गठ्ठ्याने पाठवायची. बंद होण्याआधी तिला फ्लश करायला, म्हणजे साठलेलं सगळं पाठवून टाकायला, मी कधी सांगितलंच नव्हतं.

प्रोसेस संपली की ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी, उघड्या फाइली, सॉकेट सगळं परत घेते, हे आपण शिकतो आणि ते खरं आहे. त्यामुळे बाहेर पडताना एकेक बाइट मोकळा करत बसलं नाही, तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. (न सोडलेली मेमरी, म्हणजे लीक, शोधणारी टूल्स तेवढी कटकट करतात.) पण बफरमध्ये अडकलेला मजकूर, तात्पुरत्या फाइली, दुसऱ्या मशीनवर घेतलेलं लॉक (एका वेळी एकानेच वापरावं म्हणून लावलेलं कुलूप) यांतलं काहीच सिस्टिम तुमच्या वतीने निस्तरत नाही. नवख्यांनी आधी हे शोधावं, मेमरी नंतर.

फ्लश लिहिला, तरी संदेश हरवतच राहिले. हा टप्पा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. आमची सर्व्हिस कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत, चालायची. कंटेनर थांबवताना ते चालवणारं डॉकर मुख्य प्रोसेसला सिगटर्म (आवरून बंद हो, असा सिग्नल) पाठवतं, १० सेकंद वाट बघतं आणि मग सिगकिल (तिथल्या तिथे संपवणारा सिग्नल). अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये ही मुदत, सेटिंग बदललं नाही तर, ३० सेकंद असते. आमचा प्रोग्राम एका शेल स्क्रिप्टमधून सुरू व्हायचा, म्हणजे मुख्य प्रोसेस शेल, कमांड चालवणारा प्रोग्राम. आणि शेल आपणहून सिग्नल पुढे देत नाही. माझ्या कोडला सिगटर्म कधी दिसलाच नाही, थेट सिगकिल बसला, आणि तो पकडता येत नाही. एक्झिट कोड १३७ येत होता, म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा सिगकिलचा क्रमांक. तो आकडा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता! स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या आधी 'एक्झेक' लिहिलं, म्हणजे शेलची जागा प्रोग्रामनेच घेतली, आणि सिग्नल पोचू लागला.

मग प्रोग्राम बंद होताना मध्येच गोठायला लागला. सिग्नल हँडलरमधूनच, म्हणजे सिग्नल आल्यावर मध्येच चालणाऱ्या फंक्शनमधूनच, मी लॉग लिहीत होते, मेमरी सोडत होते. सी आणि सी++ मध्ये मजकूर छापणारं प्रिंटएफ किंवा मेमरी मागणारं मॅलॉक हँडलरमध्ये सुरक्षित नाहीत. ज्या क्षणी सिग्नल आला त्या क्षणी मॅलॉकचं लॉक आधीच घेतलेलं असेल, तर प्रोग्राम स्वतःचीच वाट बघत बसतो. हँडलरने फक्त एक फ्लॅग उचलावा, म्हणजे खुणेचा व्हेरिएबल बदलावा, बाकीचं मुख्य लूपने बघावं.

राहिला क्रम. आधी नवं काम घेणं थांबवायचं, मग हातातलं काम संपवून थ्रेड जॉइन करायचे (समांतर चाललेली कामं संपेपर्यंत थांबायचं), मग फ्लश, मग लायब्ररीकडून घेतलेलं एकेक हँडल, आणि सगळ्यात शेवटी लायब्ररीचा सार्वत्रिक क्लीनअप. लिबकर्ल या नेटवर्कवरून डेटा पाठवणाऱ्या लायब्ररीत प्रत्येक ईझी हँडल (एका देवाणघेवाणीसाठीचा) वेगळा बंद करावा लागतो आणि ग्लोबल इनिट, म्हणजे लायब्ररीची सुरुवातीची तयारी, जितक्या वेळा केलं तितक्याच वेळा ग्लोबल क्लीनअप. मी क्लीनअप आधी केला होता आणि एक थ्रेड तेव्हा अजून लायब्ररी वापरत होता. क्रॅश अर्थातच माझ्या मशीनवर आला नाही.

भाषा बदलली की खाचखळगे बदलतात. सीमध्ये बाहेर पडताना चालवायची म्हणून अ‍ॅटएक्झिटने नोंदवलेली फंक्शन्स उलट्या क्रमाने चालतात, म्हणून तिथे क्रमावर विसंबायची सवय लागते. जावाचे शटडाउन हुक (बंद होताना चालणारे कोडचे तुकडे) मात्र एकाच वेळी आणि कुठल्याही क्रमाने सुरू होतात, तेव्हा एकच हुक ठेवून क्रम त्याच्या आत लिहिलेला बरा. गो मध्ये प्रोग्राम तिथेच संपवणाऱ्या ओएस एक्झिटला हाक मारली की डिफर केलेलं, म्हणजे फंक्शनच्या शेवटी चालवायला ठेवलेलं, काहीच चालत नाही, आणि एरर लिहून थांबणारं लॉग फेटल आतून तेच करतं. हे माहीत नसलेले अनुभवी लोकही मी पाहिलेत.

आता नवी सर्व्हिस हातात आली की मी आधी तिच्यावर भार टाकते, मध्येच सिगटर्म पाठवते, आणि पाठवलेले संदेश व पोचलेले संदेश मोजते. मग बंद व्हायला किती सेकंद लागले ते बघते. मागच्या वेळी २७ लागले होते, मुदत ३० ची होती.