नाशिकला बदली, हातात पैसे कमी आणि जुनं घर घ्यायचंय? आधी एवढी तयारी करा

परवा धुळ्याच्या मावसभावाचा फोन आला. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लागलाय, नव्या फ्लॅटचे भाव ऐकून हबकलाय, म्हणे दादा तू जुनं घर घेऊन दुरुस्त केलंस ना, काय काय बघायचं ते लिहून दे. लिहायला बसलो तर संपेचना, म्हणून म्हटलं सगळ्यांनाच उपयोगी पडेल असं टाकतो. आम्ही २०२२ मध्ये भुसावळहून आलो आणि नाशिकरोडला उपनगरच्या बाजूला १९९३ सालच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वरच्या, टू बीएचके घेतला. लिफ्ट नाही. घर चांगलंय, पण जे शिकलो ते पैसे मोजून शिकलो.

सगळ्यात आधी, आल्या आल्या विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा करार करा, भाड्याने रहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. आम्ही घेतलं मार्चमध्ये. मार्चमध्ये नाशिकमधलं कुठलंही घर कोरडंच असतं हो. हॉलमध्ये नवाकोरा पांढरा रंग, पंख्यावरसुद्धा रंगाचे थेंब, आणि एका भिंतीवर भलंमोठं देवाचं कॅलेंडर. बायको म्हणाली पण, एवढ्या वर कोण कॅलेंडर लावतं, हात तरी पोचतो का तारीख बघायला? मी हसण्यावारी नेलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकायला लागलं आणि कॅलेंडरमागची भिंत हाताला पापडासारखी लागायला लागली, बोट दाबलं की पोपडा खाली. तेव्हापासून मी कुणाबरोबर घर बघायला गेलो की आधी कॅलेंडर, फोटो, कपाट सगळं बाजूला करून बघतो, मालकाला राग आला तर येऊ दे.

आता पैशाचं. घराच्या किमतीपासून सुरुवात करायचीच नाही, उलटीकडून यायचं. समजा घर २६ लाखांना ठरलं. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळं धरून ६ टक्के, म्हणजे १ लाख ५६ हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, म्हणजे २६ हजार तिथेच वाचतात, आमच्याकडे तेवढ्यात किचनचं सिंक, नळ आणि प्लंबरची मजुरी निघाली. नोंदणी फी १ टक्का, तिला कमाल ३० हजारांची मर्यादा. आणि हे मुद्रांक तुमच्या सौद्याच्या रकमेवर किंवा सरकारी रेडीरेकनरवर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला भाव), जे जास्त असेल त्यावर बसतं, त्यामुळे पडक्या घराला भाव कमी करून घेतला म्हणून मुद्रांकही कमी होईल असं नाही. मग वकील, एजंट (त्याचे टक्के घर दाखवायच्या आधीच ठरवा, नंतर तोंड वेगळं होतं), बँकेची प्रोसेसिंग फी, सामान आणायचा टेम्पो.

आणि बँक. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं हे खरं, पण ते बँकेचा व्हॅल्युअर सांगेल त्या किमतीवर, आणि जुनी बिल्डिंग बघून तो नाक मुरडतोच. आमचं ठरलं २६ ला, त्याने लावले साडेतेवीस, बँकेने दिले त्याचे ८० टक्के. म्हणजे १८ लाख ८० हजार. वरचे ७ लाख २० हजार घरातून, आणि मुद्रांक, नोंदणी वेगळीच. एफडी मोडली, बायकोच्या दोन बांगड्या गेल्या. म्हणून टोकन द्यायच्या आधी बँकेत जाऊन विचारा की या सालच्या बिल्डिंगला किती वर्षांचं कर्ज देता. दुरुस्तीचे पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि ते नाहीतच असं समजून घर शोधा. मिस्त्रीने मला सव्वादोन लाख सांगितले होते, लागले तीन लाख साठ हजार. त्यात भाडं आणि हप्ता दोन्ही चार महिने एकदम चालू होते, हे तर मी कुठे धरलंच नव्हतं.

एरिया. अंबड-सातपूरला नोकरी असेल तर सगळे सिडकोत (सिडको या सरकारी कंपनीने वसवलेला भाग) बघा म्हणतात. तिथे बघाच, पण तिथल्या योजनांमधली कितीतरी घरं मुळात बैठी, एक-दोन खोल्यांची, आणि त्यावर नंतर मालकांनी दोन दोन मजले चढवलेत. खालच्या भिंती तेवढं वजन घ्यायला बांधल्या होत्या का, वाढीव बांधकामाला परवानगी आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. जमीन मुळात सिडकोच्या लीजवरची, त्यामुळे आधीच्या प्रत्येक मालकाच्या वेळी सिडकोत रीतसर ट्रान्स्फर झालंय का ते बघा, नोटरीवर नाहीतर मुखत्यारपत्रावर फिरलेली घरं स्वस्त मिळतात ती उगाच नाही. जुन्या नाशकात, भद्रकाली-तिवंध्याकडे, वाड्याचा भाग स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी सांगितलं तर माझं स्पष्ट मत, बजेट कमी असेल तर त्या वाटेला जाऊ नका. लाकूड-मातीचं बांधकाम, प्रॉपर्टी कार्डावर डझनभर वारस, खाली जुना भाडेकरू, आणि दर पावसाळ्याआधी महापालिकेच्या धोकादायक वाड्यांच्या नोटिसा. नाशिकरोड-जेलरोड मला बरं वाटलं कारण तिथे नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेल्या लोकांची जुनी घरं आहेत, मुलं पुण्याला, आता जिने चढवत नाहीत, म्हणून विकतात. अशा घराचे कागद बहुतेक वेळा एकाच फाइलमध्ये नीट लावलेले सापडतात. अंबडला मात्र रोज लांब पडतं, तो पेट्रोलचा खर्च महिन्याच्या हिशोबात धरा, सिटीलिंकच्या बसचं टाइमिंग तुमच्या शिफ्टला जमतं का ते बघा.

नदीजवळचं घर असेल तर पूररेषा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. नकाशा मिळतो, पण त्याहून सोपं म्हणजे गल्लीतल्या जुन्या किराणावाल्याला विचारायचं, २००८ ला पाणी कुठवर आलं होतं? २०१९ ला? गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी चढलं की आपल्या गल्लीत येतं हे तिथल्या माणसाला तोंडपाठ असतं. फक्त गोदावरीचं विचारू नका, नासर्डी, वाघाडी, वालदेवी याही पावसात अंगावर येतात. मखमलाबाद, आडगावकडे मळे मोडून झालेल्या कॉलन्यांमध्ये काळी माती, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया नीट मुरमापर्यंत नेलेला नसला की भिंतींना तिरक्या भेगा. केसासारखी बारीक भेग प्लॅस्टरची असते, तिचं टेन्शन घेऊ नका. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि आत नखं जातील एवढी असेल तर इंजिनिअर आणल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

कागद हा खरा विषय. गळतं घर मिस्त्री दुरुस्त करतो, पण टायटलमधला घोळ तुमच्या मुलांच्या लग्नापर्यंत चालतो. वकील तुमचा पाहिजे, एजंटने आणलेला नको. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, मालकाचं मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, एनए (बिनशेती) आदेश, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. मालकाचं जुनं कर्ज असेल तर बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि मूळ कागद बँकेतून बाहेर आलेत का. नोंदणी विभागाच्या साइटवर फुकट सर्च होतो, वकील करेल तो करेल, तुम्हीही एक रात्र बसून करा. जाहीर नोटीस पेपरात द्या, चार पैसे जातात पण लपलेला एखादा भाऊ-बहीण असेल तर मुदतीत बाहेर येतो. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागातून भाग नकाशा काढून घ्या, डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता नाहीतर आरक्षण घरावरून जात नाही ना. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, पंचवटी-तपोवनाकडे तर साधुग्रामचं (कुंभातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेचं) आरक्षण आणि रस्ते हे दोन्ही बघितल्याशिवाय विसार देऊच नका. घरपट्टी-पाणीपट्टीची शेवटची पावती आणि महावितरणचं बिल हातात घ्या, थकबाकी राहिली तर ती शेवटी तुमच्याच गळ्यात येते. विसार दिला तर पावतीवर लिहून घ्या की कर्ज नामंजूर झालं किंवा टायटलमध्ये दोष निघाला तर पैसे परत.

अजून एक, नाशिकमध्ये बऱ्याच बिल्डिंगा सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत, म्हणजे फ्लॅट ज्याच्या त्याच्या मालकीचा आणि देखभालीला मालकांची कमिटी. कागदावर ठीक, पण कमिटी चालूच नसते, खात्यात दमडी नसते. मग गच्ची गळली की कोण पैसे देणार? गच्ची सगळ्यांची, पण पाणी फक्त वरच्याच्या घरात. माझ्याकडे वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलं ९६ हजारांचं, म्हणजे आमच्या विंगमधल्या चार घरांना २४-२४ हजार, तळमजल्यावरचे काका म्हणाले माझ्या डोक्यावर तर तुमचं घर आहे, माझा काय संबंध. अजून दिलेले नाहीत. दिवाळीला फराळ मात्र येतो. बिल्डिंग ३० वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करायचं असतं, ते झालंय का विचारा, रिपोर्ट मागा, नसेल तर खर्चात तुमचा वाटा आहे हे धरून चाला.

घर बघायला जाताना खिशात बॅटरी, टेप, टेस्टर आणि दहाचं नाणं. नाण्याने फरशी आणि बाथरूमच्या टाइल्स ठोकत जायचं, बद्द आवाज आला की खाली पोकळ. बाथरूममध्ये एक मग पाणी ओता आणि ते नहाणी ट्रॅपकडे जातंय की दाराकडे ते बघा. मग त्याच बाथरूमची पलीकडची भिंत बघा, बहुतेक तिथे बेडरूमचं कपाट असतं, त्याच्या मागे हात घाला. छज्ज्याखाली, बाल्कनीच्या स्लॅबखाली सळई दिसत्येय का, गंजाचे तांबडे डाग आहेत का. कॉलममधली सळई उघडी असेल तर निघून या, चहा पण घेऊ नका. लाकडी चौकटीला टेस्टरचं टोक टोचून बघा, वाळवी असली की लोण्यात गेल्यासारखं जातं. नळ लोखंडी जुने असतील तर सगळी लाइन बदलायचीच आहे असं धरा. वायरिंग जुनं असेल, अर्थिंग नसेल तर तेही. पाण्याचं मालकाला विचारू नका, जिन्यात भेटेल त्या काकूंना विचारा, काकू पाणी किती वाजता येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का? त्या सगळं सांगतात, पाण्याचं सांगता सांगता शेजाऱ्यांचंही.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी वरून येणारं पाणी, मग बाथरूम, मग पाइप आणि वायर, मग प्लॅस्टर, आणि रंग सगळ्यात शेवटी, तोही प्लॅस्टर पूर्ण सुकल्यावर. आम्ही गृहप्रवेशाच्या घाईत आधी रंग दिला आणि पंधरा दिवसांनी प्लंबरने तीच भिंत फोडली. मिस्त्रीला फिरून विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणले मुहूर्त आहे." बरोबरच होतं त्याचं. मिस्त्रीशी बोलताना मटेरियलसकट की नुसती मजुरी, राडारोडा कोण उचलणार, जुन्या खिडक्या-ग्रिलचं भंगार कोणाचं, हे कागदावर लिहून घ्या, आणि पैसे कामाच्या टप्प्यांनी द्या, सणाच्या आदल्या दिवशी एकरकमी कधीच नको. जुनी मोझॅक फरशी घट्ट असेल तर उखडू नका, पॉलिश करा, आमची अजून तीच आहे आणि पाहुणे कुठल्या कंपनीची म्हणून विचारतात. मॉड्युलर किचन, पीओपी, हे दोन वर्षं विसरा.

चावी मिळाली त्याच दिवशी कुलूप बदला, मीटर नावावर करायचा अर्ज टाका, घरपट्टीला नाव लावायचा अर्ज टाका. आणि मावसभावा, तू येशील तेव्हा जूनच्या शेवटी ये, आपण गाडीवर फिरू, रेनकोट आण. दोन घरं बघून ठेवलीत जेलरोडला, पण एकात हॉलमध्ये नवीन रंग दिलाय.