चौघांची तुकडी निवडताना

सुट्टीत 'बाल्डर्स गेट 3' हा व्हिडिओ गेम खेळू लागलेली जळगाव-भुसावळकडील मुले पुष्कळदा चारही जागा तलवारबाजांनी भरतात आणि पहिल्याच सापळ्यापाशी अडतात. तुकडीत चौघेच मावत असल्याने मार झेलणारा योद्धा, कुलपे उघडणारा चोर, अनेक शत्रूंना एकदम गाठणारा जादूगार आणि पुरोहित असे साथीदार घ्यावेत. नवख्याने पुरोहिताला तर मुळीच वगळू नये, कारण त्याचा 'हीलिंग वर्ड' हा मंत्र बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत मुख्य कृतीखेरीज मिळणाऱ्या जादा कृतीत, 18 मीटरपर्यंत लांबून टाकता येतो, त्यामुळे कोसळलेला साथीदार उठतो आणि पुरोहिताची मुख्य कृती हल्ल्यासाठी शिल्लक राहते. 'क्युअर वूंड्स' या जखम भरणाऱ्या दुसऱ्या मंत्रासाठी मात्र जखमीजवळ जावे लागते आणि मुख्य कृतीच खर्ची पडते. निवड चुकल्यास तळावरील विदर्स हे पात्र 100 सुवर्णनाण्यांत साथीदाराचा वर्ग (योद्धा, चोर इत्यादी) बदलून देते.