अल्ट्रासाउंडने विद्युत उपकरणे तपासताना या चुका टाळा

इन्सुलेशनजवळच्या हवेचे आयनीकरण होऊन विद्युत विसर्जन सुरू झाले की, त्याच्या आवाजाचा मोठा भाग 20 किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडे असतो. अल्ट्रासाउंड डिटेक्टर तो बहुधा 40 किलोहर्ट्झच्या आसपास टिपतो आणि हेडफोनवर ऐकू येईल अशा आवाजात रूपांतरित करतो. या तपासणीतील पहिली चूक म्हणजे केवळ डेसिबलच्या आकड्यावरून निदान करणे.

आकड्यावरून तीव्रता कळते, दोषाचा प्रकार कळत नाही. शिवाय तोच दोष थोड्या अधिक अंतरावरून किंवा तिरक्या दिशेने मोजला तरी आकडा खाली येतो. म्हणून कानाला प्राधान्य द्यावे. कोरोनाचा, म्हणजे उच्च दाबाच्या वाहकाभोवतीच्या हवेत होणाऱ्या विसर्जनाचा, आवाज बऱ्यापैकी एकसारखा, गुणगुणत तडतडणारा असतो. ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरून वीज वाट काढते तेव्हा, तडतड वाढत जाऊन मध्येच ओसरते. आर्किंग, म्हणजे हवेतून ठिणगी उडणे, मात्र अनियमित झटक्यांनी सुरू होते आणि तसेच थांबते. शंका राहिल्यास आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचा वर्णपट (कोणत्या वारंवारितेला किती आवाज आहे याचा आलेख) पाहावा. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर सैल पत्र्याचे कंपनही 100 हर्ट्झच्या पटींत शिखरे दाखवते, पण त्या शिखरांमधली जागा बहुतांशी रिकामी असते. विसर्जनात तीच जागा गोंगाटाने भरलेली दिसते. हा फरक न पाहिल्यामुळे साधा स्क्रू आवळण्याऐवजी निरोगी इन्सुलेटर बदलला जाण्याची शक्यता असते.

दुसरी चूक म्हणजे शांततेला निर्दोषत्वाचा पुरावा मानणे. सैल जोड तापत असेल, पण ठिणगी पडत नसेल, तर तो अल्ट्रासाउंडला सापडत नाही. त्यासाठी थर्मल कॅमेराच हवा. याउलट, कोरोनामुळे फारशी उष्णता निर्माण होत नसल्याने कॅमेऱ्याला तो सहसा दिसत नाही, मात्र त्यातून निर्माण होणारा ओझोन आणि ओलाव्यामुळे तयार होणारे नायट्रिक आम्ल इन्सुलेशन व धातू दोन्ही झिजवत राहतात. घन इन्सुलेशनच्या आतल्या पोकळीतील विसर्जनाचा आवाज हवेतून बाहेर येईलच असे नाही. माझ्या मते महत्त्वाच्या स्विचगिअरसाठी (वीजपुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांसाठी) अल्ट्रासाउंड आणि थर्मल कॅमेरा या दोन्ही तपासण्या एकमेकींना पर्याय समजूच नयेत.

पॅनेलचे दार आधी उघडून मग ऐकणे ही तर जिवाशी गाठ आहे. आत आर्किंग चालू असेल, तर दार उघडतानाच आर्क फ्लॅश, म्हणजे विजेच्या ठिणगीचा प्रखर स्फोट, होऊ शकतो. दाराच्या फटी, वायुवीजनाच्या जाळ्या आणि केबल शिरण्याच्या जागा यांवरून डिटेक्टर बाहेरूनच फिरवावा, आणि संशयास्पद आवाज आल्यास पुरवठा बंद करून तो पुन्हा चालू होणार नाही याची खात्री होईपर्यंत दाराला हात लावू नये. पॅनेल घट्ट बंद असेल, तर हवेतून आवाज बाहेर पडत नाही. तेथे बाह्य आवरणाला टेकवायचा स्पर्श-संवेदक वापरावा.

दाबाखालील हवेची गळतीही अल्ट्रासाउंड निर्माण करते, परंतु तिच्या सलग फुसफुशीत पुरवठ्याच्या वारंवारितेची लय नसते. भिंतीवरून परावर्तित झालेला आवाजही फसवतो, म्हणून दोन-तीन दिशांनी ऐकून उगम निश्चित करावा.

पूर्वीच्या नोंदीशी तुलना करायची असेल, तर अंतर, दिशा, संवेदनशीलता आणि निवडलेली वारंवारिता तीच ठेवावी. हवेतील आर्द्रतेचीही नोंद घ्यावी, कारण मळलेल्या इन्सुलेटरवर दमट हवेत ऐकू येणारे पृष्ठभागावरील विसर्जन कोरड्या दुपारी पूर्ण थांबलेले असू शकते.